दोन्ही सारखे निघाले की डबा

आमच्या ऑफिसात दीड वाजला की सगळे जेवायला उठत. अण्णा उठत नसत. त्यांचा तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा टेबलाच्या कोपऱ्यावर पांढऱ्या पंचात बांधलेला असायचा आणि ते त्याच्याकडे पाठ करून बसलेले असायचे. कुणी "अण्णा, चला" म्हटलं की स्क्रीनवरची नजर न काढता म्हणत, "दोन्ही सारखे निघू देत. मग."

नव्या माणसाला यातलं काही कळत नसे. मलाही कळलं नव्हतं. मी मूळची नागपूरची. लग्नानंतर पुणे, मग नवऱ्याच्या बदलीमुळे बंगळूर, आणि के. आर. पुरमला घर घेतल्यावर हेब्बाळच्या या कंपनीत रिलीज सांभाळायची नोकरी. रिलीज सांभाळायचं म्हणजे बारा वाटांनी पळणाऱ्या इंजिनिअरांना ठरल्या तारखेला एकाच दारातून बाहेर काढायचं. प्रोग्रामिंगची मला फारशी हौस नव्हती, आजही नाही. तारीख पाळली गेली की मला झोप लागते. पण शिकलासवरला, साठीकडे झुकलेला माणूस रोज भुकेला का बसतो हे मला बघवेना, म्हणून मी सरळ विचारलं.

"एकच वस्तू दोन वेगळ्या जागी बनवायची," अण्णा म्हणाले. "मग शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघायचं. फरक निघाला म्हणजे कुठंतरी घाण आहे. घाण असताना जेवायचं कसं?"

"आणि फरक निघालाच तर?"

"डबा घरी परत. बायको विचारते. तिला खोटं सांगता येत नाही, डबा जड असतो."

ती वस्तू म्हणजे क्रॉस कंपायलर. आमची कंपनी लहान मशीनांसाठी स्वतःचं लिनक्स डिस्ट्रिब्युशन तयार करते. म्हणजे मूळ लिनक्स आणि सोबत लागणारे शेकडो प्रोग्राम निवडून, जुळवून बांधलेला संच. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. पण भिंतीवर टांगायच्या डबीएवढ्या मशीनमध्ये एवढं काम करायची ताकद नसते, म्हणून आपल्या मोठ्या मशीनवर बसून त्या छोट्या मशीनच्या भाषेत प्रोग्राम उतरवावे लागतात. हे करतो तो क्रॉस कंपायलर. छोट्या मशीनच्या जितक्या जाती, तितके वेगळे कंपायलर. ते सगळे अण्णांचे. त्यांनीच बनवलेले, तेच सांभाळत.

"आपल्या स्वयंपाकघरात परक्याचं पथ्याचं जेवण," असं ते सांगत. "सगळं सामान त्याच्या घरून आणायचं. आपल्या बरणीतलं चिमूटभर मीठ पडलं तरी चालायचं नाही. इथं चव लागते छान. त्रास त्याला तिकडं होतो, आणि तो आपल्याला सांगायला येत नाही."

अण्णा जयनगरचे. म्हणजे आत्ता जयनगरचे. त्यांचं घराणं बंगळूरात येऊन काही शतकं झाली. "आमचे आजे-पणजे घोड्यावरून आले, आम्ही बस बदलून बदलून हेब्बाळला येतो," असं ते म्हणत. त्यांची मराठी ऐकून आधी मी दचकले. 'मी सांगितलो, मी जेवलो, मी डबा उघडलो' असं सगळं. एकदा न राहवून मी म्हटलं, "अण्णा, 'मी सांगितलं' म्हणतात."

"तुमच्या गावात म्हणत असतील. तुम्ही परवा आलात, अक्का. आम्ही एवढी वर्षं हेच बोलतो आणि आमचं कुणाशी भांडण झालं नाही."

मी त्यांच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी लहान. "मला अक्का काय म्हणता?" असंही विचारून पाहिलं. "तारखा तुमच्या हातात आहेत. तारखा हातात असलेली बाई अक्काच," ते म्हणाले. मग मी तो नाद सोडला.

त्यांचं मशीन एका कोपऱ्यातल्या खोलीत होतं. त्यावर दुसरं काहीही चालवायला बंदी. गाणी नाहीत, मेल नाही, साधं गणकयंत्रसुद्धा त्यांनी त्यावरून काढून टाकलं होतं. वर्षातून कधीतरी ते, मशीनच्या स्वतःच्या फायली तेवढ्या ठेवून, बाकी सगळं पुसून कंपायलर शून्यापासून बनवत, आणि ते ऐकायला सोपं वाटतं तितकं नसतं. कंपायलर पुरा व्हायला त्या परक्या मशीनच्या मूळ सोयींचं भांडार लागतं, ज्याला लायब्ररी म्हणतात. आणि लायब्ररी बनवायला कंपायलर लागतो. आधी कोण? अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. आधी एक अर्धवट कंपायलर बनवायचा, ज्याला फार काही येत नाही. त्याच्याकडून लायब्ररी बनवून घ्यायची. मग लायब्ररीच्या जोरावर पक्का कंपायलर, आणि कच्चा फेकून द्यायचा. कच्चा पुसताना अण्णा एकदा स्क्रीनला हात जोडत. मी विचारलं तर म्हणाले, "काम करून गेला बिचारा. नाव कुठं लागणार नाही त्याचं."

मुलाखतींना त्यांना बसवायचं की नाही यावर आमच्याकडे मतभेद होते. कारण ते उमेदवाराला कॉम्प्युटरचं काही विचारत नसत. "पाहुणे म्हणून कुणाच्या घरी गेलात, पाणी पाहिजे. स्वयंपाकघरात शिरून घेता की मागता?" एवढंच विचारायचे. शिरतो म्हणणारा नापास. दिल्लीची एक हुशार मुलगी म्हणाली, "मी पाण्याची बाटली घरून नेते." अण्णा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "हिला आजच घ्या."

पण अण्णांचं खरं नाव झालं ते विषामुळे.

आमच्या मोठ्या मशीनवर त्याच्या स्वतःच्या सोयींची माहिती सांगणाऱ्या फायली असतात. छोट्या मशीनसाठी काम करताना तिकडे बघायचंच नाही, हा नियम. पण एखाद्या प्रोग्रामच्या बांधणीच्या सूचनांमध्ये कुणीतरी निष्काळजीपणे एक ओळ लिहून ठेवलेली असते आणि कंपायलर चुकून आपल्याच घरातली फाइल उचलतो. काम होतं, कुणाला पत्ता लागत नाही, आणि सहा महिन्यांनी कुठल्या तरी तालुक्यात मशीन बंद पडतं. म्हणून अण्णांनी आपल्याच मशीनच्या त्या फायली काढून त्या जागी नकली फायली ठेवल्या, हेच त्यांचं विष. नकली फायलीत एकच ओळ: इथं पोचलास तर थांब, आणि हे वाच. पुढे शिवी.

शिवी म्हणजे घाणेरडी नव्हे. अण्णांच्या घरच्या शिव्या. आपण काम सुरू करून चहाला जावं आणि परत येऊन बघावं तर स्क्रीनवर, कामाच्या नोंदीत म्हणजे लॉगमध्ये, लाल अक्षरात:

'हे तुझं घर नव्हे. आल्या पावली परत जा.'

किंवा, 'आईला विचारून आलास?'

किंवा, 'दुसऱ्याच्या ताटात हात घालायला कोण शिकवलं?'

एक नुसती कन्नडमध्ये होती, 'याके बंदे?' म्हणजे कशाला आलास. आमच्याकडच्या पंजाबी, बंगाली, तमिळ पोरांना या शिव्या पाठ झाल्या होत्या. कँटीनमध्ये कुणी कुणाच्या ताटातला वडा उचलला की सगळे एका सुरात ओरडत, "कोण शिकवलं?" अण्णा दुरून ऐकत आणि न ऐकल्यासारखं करत.

आमच्या मॅनेजरला हे पसंत नव्हतं. तो पुण्याचा, माझ्याहून लहान, हुशार आणि सदा घाईत. "मॅडम, हे अनप्रोफेशनल आहे हो. उद्या लॉग कस्टमरकडे गेला तर? 'आईला विचारून आलास'चं मी काय ट्रान्सलेशन देऊ?"

"तसंच द्या," मी म्हटलं. "कस्टमरलाही आई असेल."

तो हसला, पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. कंपायलर घरी बनवायचेच कशाला? बाहेर तयार मिळतात, नव्या चिपांसाठी तर चांगले मिळतात. फक्त एका जुन्या जातीच्या चिपसाठी मिळत नव्हते. ती चिप वापरणारा आमचा एकच ग्राहक उरला होता, गावोगावच्या दूध डेअऱ्यांना मशीन पुरवणारी एक कंपनी. शेतकरी दूध ओततो, मशीन वजन आणि फॅट मोजून त्याच्या नावाची कन्नडमधली चिठ्ठी छापून देतं. तेवढ्या त्या मशीनसाठी अण्णांचं सगळं दुकान चालू होतं.

"एक कस्टमर, एक चिप आणि एक माणूस," मॅनेजर बोटांवर मोजत म्हणायचा. "हे किती दिवस चालणार?"

मला त्याचा राग येत नसे. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच मोजलं असतं.

आणि नेमकी त्याच चिपची नवी आवृत्ती बिघडली. चाचणीसाठी काही डेअऱ्यांत पाठवली होती. सोमवारी ग्राहकाचा मेल आला: वजन बरोबर, फॅट बरोबर, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. मेल मी अण्णांना वाचून दाखवत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या कानाला फोन लागत नसे, ते कायम स्पीकरवर बोलत. बायको होती. तिचं माहेर कोलारकडचं आणि भाऊ, ज्याला ती अण्णय्या म्हणे, तिथल्या डेअरीत दूध घालणारा.

"अहो, माझ्या अण्णय्याचं नाव काय केलात?"

"मी काय केलो?"

"चिठ्ठीवर नाव नाही. नुसती प्रश्नचिन्हं, पाच-सहा. गावात हसतात त्याला. इतकी वर्षं दूध घालतो, आता मशीनच विचारतं म्हणे, तू कोण?"

आजूबाजूचे सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. फोन ठेवून म्हणाले, "कंपायलर स्वच्छ आहे, अक्का. माझ्या बाजूनं काही नाही."

मॅनेजरनं मात्र संधी साधली. शुक्रवारी बैठक. तोवर दोष सापडला तर ठीक, नाहीतर जुनी चिप बंद. म्हणजे डेअऱ्यांतली ती मशीनं आहेत तशी सोडून द्यायची, कंपायलर बाहेरचे घ्यायचे आणि अण्णांना टेस्टिंगच्या टेबलावर बसवायचं. हे तो अण्णांच्या समोरच बोलला, हे मात्र त्याचं मला आवडलं. पाठीमागे बोलणारे मी खूप पाहिले आहेत.

अण्णांनी सगळं पुसलं. कच्चा बनवला, लायब्ररी बनवली, पक्का बनवला, दोन जागी बांधणी केली, ताडून बघितली. अक्षर न अक्षर सारखं. बुधवारी दुपारी त्यांनी मला तसं सांगितलं आणि तरीही डबा उघडला नाही. सारखे निघूनही पंचाची गाठ तशीच, हे मी पहिल्यांदा पाहिलं. टेस्टिंगला बसवलं तर हा माणूस वर्षभरात आंबून जाईल, हे मला तेव्हा दिसलं. दया वगैरे करत बसायला मला जमत नाही. "खाली चला, कॉफी घेऊ," मी म्हटलं.

समोरच्या दर्शिनीत, म्हणजे बिनखुर्च्यांच्या छोट्या हॉटेलात, उभ्यानं कॉफी प्यायची. अण्णा नेहमी बाय-टू सांगत, एका कॉफीचे दोन पेले करून. का, तर "पुरी कॉफी प्यायलो तर पुरं बोलावं लागतं." त्या दिवशी अर्ध्या कॉफीवरही ते काही बोलेनात. मग मीच माझं गाऱ्हाणं सुरू केलं. शांतता मला सोसत नाही.

"आमच्या सोसायटीत बघा, काय तमाशा. मागच्या गेटनं कुणी यायचं नाही असं ठरलं. वॉचमनला सांगितलं, मागून कोणी आला की ओरड. मी कुकरची रिंग मागवली होती, त्यासाठी दिवसभर घरी बसले. पार्सलवाला आला तो मागच्या गेटला, त्याच्या नकाशात तेच दाखवतात. वॉचमन ओरडला. पोरगा गेला निघून. आणि माझ्या मोबाइलवर काय यावं? 'ग्राहक घरी नाही'!"

अण्णांनी वर बघितलं.

"मी घरात. वॉचमन जागेवर. पोरगा दारापर्यंत आलेला. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, आणि कुकर अजून बिनरिंगचा."

"स्वल्प थांबा, अक्का. वॉचमन ओरडला. मग पोरगा काय केला?"

"सांगितलं ना, गेला."

"ओरडले म्हणून कुणाला सांगितला नाही?"

"कुणाला सांगणार? त्याला पुढची घरं असतात. घरी कुणी नाही असं लिहिलं आणि पुढे गेला."

अण्णांनी पेला कट्ट्यावर ठेवला. "अय्यो," ते म्हणाले. "अक्का, माझा वॉचमन."

आणि ते निघाले. अण्णांना धावताना ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं, मी सर्व्हिस रोडवर पाहिलं. त्यांची अर्धी कॉफी उरली होती, ती मी प्यायले. वाया कशाला घालवायची.

मी वर पोचेपर्यंत त्यांना सापडलं होतं. नंतर त्यांनी मला समजावलं ते असं. प्रत्येक प्रोग्राम बांधला जाण्याआधी आपल्या आपण थोडी चौकशी करतो. ही सोय आहे का, ती आहे का? सोय मिळाली तर वापरायची, नाही मिळाली तर 'नाही' असं टिपून पुढे जायचं. चिठ्ठी छापणाऱ्या प्रोग्रामनं विचारलं, अक्षरं एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलायची सोय आहे का? कन्नड नाव छापायला ती लागते. सोय छोट्या मशीनच्या भांडारात होती. पण सूचनांमधल्या एका जुनाट ओळीमुळे प्रोग्राम गेला आमच्या मशीनच्या दाराशी. आजवर तिथं फाइल मिळायची आणि नशिबानं ती चालूनही जायची. गेल्या महिन्यात अण्णांनी त्या फायलीतही विष घातलं. प्रोग्रामला शिवी मिळाली. पण तो माणूस नव्हता. त्यानं लाल अक्षरं वाचली नाहीत, 'सोय नाही' असं टिपलं आणि पुढच्या कामाला लागला. आणि अण्णांनी दोन जागी बांधणी केली तेव्हा दोन्हीकडे हेच झालं.

"दोन्ही सारखे चुकले, अक्का," अण्णा म्हणाले. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा सोमवारपेक्षा कितीतरी बरा होता. "सारखे निघाले म्हणजे बरोबर निघाले असं नाही. आणि मी इतकी वर्षं त्यावर जेवलो!"

"आता शिव्या काढून टाका."

"बेडा, बेडा, काढायच्या नाहीत. शिव्या बरोबर आहेत. ऐकणारा नाही."

"मग ऐकणारा ठेवा. वॉचमन ओरडला की सेक्रेटरीला फोन गेला पाहिजे. बांधणी झाली की सगळ्या लॉगमध्ये तुमच्या शिव्या शोधायच्या. एक जरी सापडली तरी काम बंद."

अण्णांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "सरी, बरोबर. तुम्ही रिलीजमध्ये फुकट चाललात."

शुक्रवारच्या बैठकीत मला एकच काळजी होती. अण्णांनी भांडू नये. ते भांडले नाहीत. उभे राहिले आणि शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून म्हणाले, "विष मी घातलो. त्यामुळं नावं गेली."

"आणि ती जुनी ओळ कुणाची?" मॅनेजरनं विचारलं.

"ती पण मीच लिहिलो. तरुण होतो. पाणी पाहिजे होतं, स्वयंपाकघरात शिरलो."

खोलीत असं काही हसू फुटलं की मॅनेजरलाही आवरेना. पण हसून झाल्यावर तो जे बोलला ते बरोबर होतं. "अण्णा, चूक कुणाचीही होते. प्रॉब्लेम वेगळा आहे. चूक तुमची, ती सापडली तुम्हाला, दुरुस्त केलीत तुम्ही. उद्या तुम्ही नसाल तर? या चिपचा कंपायलर शून्यापासून बनवता येणारं दुसरं कोण आहे इथं?"

"त्यांचं म्हणणं बरोबर आहे, अण्णा," मी म्हटलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही मागच्या गेटनं आले आहे.

शेवटी ठरलं ते असं. सोमवारी अण्णांनी खोलीत यायचं नाही, बोलायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी मशीन पुसून, अण्णांनी वहीत लिहून ठेवलेल्या सूचनांवरून, सगळं बनवायचं. झालं तर जुनी चिप राहील. नाही झालं तर गेली.

"कोण करणार?" मॅनेजरनं विचारलं. दोन-तीन पोरांनी हात वर केले.

"अक्का करतील," अण्णा म्हणाले.

"मी? मला यातलं काही येत नाही."

"म्हणूनच. या पोरांना येतं. जिथं मी लिहायचं विसरलो तिथं ते आपल्या मनानं भरतील. तुम्ही भरणार नाही. तुम्ही अडाल."

हा गौरव होता की अपमान, हे मी अजून ठरवलेलं नाही.

सोमवारी अण्णा आले, डबा खोलीच्या दारातूनच माझ्या हाती दिला आणि बाहेर रिसेप्शनच्या सोफ्यावर जाऊन बसले, दवाखान्यात बसतात तसे. मॅनेजर माझ्या शेजारी. मी सूचना वाचत गेले आणि पहिल्याच पानावर अडले. तिथं लिहिलं होतं, 'मग नेहमीप्रमाणे'.

मी उठून बाहेर गेले. "अण्णा, नेहमीप्रमाणे म्हणजे काय?"

अण्णांनी तोंड उघडलं. आतून मॅनेजर ओरडला, "अण्णा, नो!" अण्णांनी तोंड मिटलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी परत आत आले.

'नेहमीप्रमाणे' सगळीकडे पेरलेलं होतं. प्रत्येक ठिकाणी मागच्या वेळी काय केलं होतं ते दुसरीकडे जपलेल्या जुन्या लॉगमधून उकरून काढायचं आणि समजून घ्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. समजल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी स्वयंपाकातही करते. कच्चा झाला. लायब्ररी सुरू केली आणि लाल अक्षरं आली: 'आईला विचारून आलास?' मॅनेजर गालात हसला. मी एक ओळ चुकीच्या जागी लिहिली होती, ती काढली. पुढे 'याके बंदे?' आलं, तेही निस्तरलं. लायब्ररी झाली. मग पक्का. कच्चा पुसायची वेळ आली तेव्हा मी काही हात वगैरे जोडले नाहीत. पण शेजारी मॅनेजरचे दोन्ही हात किंचित वर आलेले मी पाहिले. मी पाहिलं हे लक्षात आल्यावर त्यानं घड्याळ नीट केलं.

दीड वाजला, लोक जेवायला गेले. मॅनेजर जागेवरून उठला नाही. मी म्हटलं, "जेवून या." तो म्हणाला, "असू दे हो मॅडम, निघू देत सारखे."

दुपार कलली तेव्हा दोन्ही सारखे निघाले. लॉगमध्ये शिवी शोधली, एकही नाही. तरी माझा विश्वास नव्हता. चाचणीच्या मशीनवर चढवलं, दोन चमचे दूध ओतलं, चिठ्ठी छापली. ती फाडून घेतली, दुसऱ्या हातात डबा घेतला आणि बाहेर गेले.

"सारखे निघाले," मी म्हटलं.

"ते मरू दे. नाव?"

मी चिठ्ठी दिली. मेव्हण्याचं नाव कन्नडमध्ये, पूर्ण, बापाच्या नावासकट. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं, मग पंचाची गाठ सोडली. चित्रान्न होतं, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आणि वरच्या कप्प्यात कोसंबरी, मूगडाळीची कोशिंबीर. आम्ही तिघांनी सोफ्यावरच खाल्लं. मॅनेजरनं चमचा विचारला, तेव्हा अण्णा म्हणाले, "हात आहेत की. आपल्याच ताटात घालायचे आहेत, चालतं."

चिप राहिली. त्यानंतर मी सगळ्या सूचना नव्यानं लिहिल्या आणि एकूण एक 'नेहमीप्रमाणे' उपटून काढलं. अण्णा दोन दिवस गाल फुगवून होते. "सगळं सांगून टाकलात. आता मला कोण विचारणार?" तिसऱ्या दिवशी ते खाली दर्शिनीत आले आणि त्यांनी पहिल्यांदा पुरी कॉफी मागवली. मग खरोखरच पुरं बोलले. मला ऑफिसात पोचायला उशीर झाला.

ते निवृत्त झाल्याला आता काही वर्षं झाली. जयनगरात असतात, सकाळी बायकोबरोबर बाजारात जातात आणि भाजीवालीकडून दोन जुड्या घेऊन त्या सारख्या आहेत का बघतात, असं बायको सांगते. त्यांच्या जागी ती घरून बाटली नेणारी दिल्लीची मुलगी आहे. जुन्या चिपचा कंपायलर मात्र माझ्याकडेच राहिला. कसा राहिला, ते मला कळलंच नाही. रिलीज सांभाळता सांभाळता वर्षातून एकदा मी ते मशीन पुसते.

गेल्या महिन्यात पुसलं. घाईत होते, तारीख जवळ आली होती. एका प्रोग्रामची नेहमीची वाट लांबची वाटली, म्हणून मी एक ओळ आपल्या मनानं लिहिली. आता एवढ्या वर्षांनी मला थोडं येतं, तेच नडलं. काम सुरू करून मी जेवायला बसले. डब्याची गाठ सोडली तेवढ्यात स्क्रीन लाल झाला. ज्या फायलीपर्यंत आजवर कुणी पोचलंच नव्हतं, तिच्यात अण्णांनी जाण्याआधी लिहून ठेवलं होतं:

'अक्का, तुम्ही पण? डबा बांधा.'

मी डबा बांधला. ओळ काढली, लांबच्या वाटेनं गेले. दोन्ही सारखे निघेपर्यंत चार वाजले आणि भाजी गार झाली होती.